निरोप देवाचा, पारख कुंभाराची

गेल्या पावसाळ्यात द्वितीय वर्षाच्या वर्गात मी संत नामदेव शिकवीत होतो. बाहेर पाऊस, वर्गात जेमतेम पंचवीस मुले. लहानग्या नामदेवाने विठ्ठलापुढे नैवेद्याचे ताट ठेवले, देव जेवेना म्हणून पायरीवर डोके आपटण्याची तयारी केली आणि अखेर देव जेवला, ही सर्वांना ठाऊक असलेली कथा सांगून झाली. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला. एरवी तो हजेरीपुरतेच तोंड उघडणारा. म्हणाला, "सर, देव नामदेवांशी बोलत होता, हे कशावरून? आमच्या गल्लीतल्या एका माणसाशीपण देव बोलतो म्हणतात. मग त्याचं खरं का नाही?"

वर्ग हसला. मीही हसलो, आणि "हा श्रद्धेचा विषय आहे" असे ठरावीक उत्तर देऊन पुढच्या अभंगाकडे वळलो. तास संपला, पण मुलाचा प्रश्न काही संपला नाही. शिक्षकाला उत्तर येत नसले की तो श्रद्धेच्या आडोशाला जातो, हे मला घरी जाताना पुरते उमगले. ज्या जिल्ह्यात नर्सी आहे, त्या जिल्ह्यातल्या मुलाने हा प्रश्न विचारावा आणि त्याला उत्तर मिळू नये, ही गोष्ट मनाला लागून राहिली. हा लेख म्हणजे त्या राहून गेलेल्या उत्तराचा प्रयत्न आहे. तो विद्यार्थी आता तृतीय वर्षात आहे. वार्षिकांक त्याच्या हाती पडेलच.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. देव आहे की नाही, आणि असल्यास तो बोलतो की नाही, या वादात मी पडणार नाही. तो माझा अधिकार नव्हे. माझा प्रश्न त्याहून लहान, पण रोजच्या व्यवहाराचा आहे. देव बोलतो असे जे मानतात, ते लोक 'हा निरोप देवाचा' आणि 'हा नव्हे' हे ठरवतात कसे? आपल्या शहरी सुशिक्षितांचा असा समज असतो की, भाविक माणूस काहीही ऐकतो आणि मान डोलावतो. वस्तुतः भाविकांच्या परंपरेत परीक्षेची मोठी शिस्त होती. आपण ती विसरलो आणि फक्त चमत्कार तेवढे लक्षात ठेवले.

त्या शिस्तीचा सर्वांत मोठा दाखला नामदेवांच्याच चरित्रात आहे. नामदेवांचा काळ इ. स. १२७० ते १३५० असा मानतात. कयाधू नदीच्या काठची नर्सी हे त्यांचे जन्मगाव. काही अभ्यासक पंढरपूर म्हणतात, पण आपण हिंगोलीकर त्या वादात फार रस घेत नाही. दामाशेटी शिंप्याचा हा मुलगा विठ्ठलाचा इतका लाडका की, देव त्याच्याशी बोले, रुसे, त्याच्या हातचे खाई. आणि अशा या नामदेवाला संतांच्या मेळ्यात काय ऐकावे लागले? तर, "हे मडके कच्चे आहे."

कथा तेरच्या गोरोबा कुंभाराच्या घरची. महिपतींनी १७६२ साली लिहिलेल्या 'भक्तविजया'तून ती घरोघर गेली. ज्ञानेश्वर, निवृत्तिनाथ, सोपान, मुक्ताबाई, नामदेव अशी सारी मंडळी जमलेली. कोपऱ्यात पडलेले थापटणे पाहून मुक्ताबाईने विचारले की, काका, हे कशासाठी? गोरोबा म्हणाले, मडके पक्के भाजले की कच्चे राहिले, हे याने ठोकून कळते. मग मुक्ताबाईने सुचवले की, ही इथे बसलेली मडकीही एकदा पाहाच. गोरोबांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत चालले. सारे मुकाट बसले. नामदेवांची पाळी आली, तेव्हा ते चिडले. पाहुण्यांशी अशी वागणूक? गोरोबांनी तेवढ्यावर निकाल दिला की, एवढे एक कच्चे आहे.

नामदेव रडत पंढरपूरला गेले आणि त्यांनी देवाकडे तक्रार केली. देव आपल्या भक्ताची बाजू घेईल असे आपल्याला वाटते. पण कथेतला विठ्ठल म्हणाला की, संतांचे खरे आहे, तू अजून कच्चाच आहेस. गुरू कर, विसोबा खेचराकडे जा.

ही घटना इतिहासात अशीच घडली का, हे कोणी सांगू शकणार नाही. परंतु कथेत काय जपले गेले आहे ते पाहा. नैवेद्याचा चमत्कार खोटा, असे त्या मेळ्यात कोणी म्हणत नाही. नामदेव लबाड आहे, त्याला भास होतात, असेही कोणी म्हणत नाही. देव त्याच्याशी बोलतो हे सर्वांना मान्य आहे, आणि तरीही तो कच्चा! म्हणजे देवाचा आवाज ऐकू येणे ही ऐकणाऱ्याच्या पक्वतेची खूण नव्हे. निवाडा ऐकणाऱ्याने करायचा नसून चार जाणत्यांनी करायचा. त्या जाणत्यांत कोण? एक कुंभार आणि एक लहान मुलगी. आपल्या थोर पुरुषाच्या विरुद्ध जाणारी ही गोष्ट वारकऱ्यांनी लपवली नाही. शतकानुशतके कीर्तनात रंगवून सांगितली. मला तर यातच त्या पंथाचा प्रामाणिकपणा दिसतो.

ज्यू आणि ख्रिस्ती लोकांच्या पवित्र ग्रंथातही, अनुवाद या पुस्तकात, जवळपास असाच विचार आहे. संदेष्ट्याचे भाकीत खोटे ठरले तर तो देवाचा नव्हे, हे तर तेथे सांगितलेच आहे. पण दुसऱ्या एका ठिकाणी त्याहून कठीण गोष्ट आहे. त्याने सांगितलेली खूण खरी झाली, चमत्कार घडला, तरीही तो तुम्हांला भलत्या मार्गाला नेत असेल तर त्याचे ऐकू नका. चमत्कार खरा आणि निरोप खोटा, ही शक्यता त्या लोकांनीही ध्यानात घेतली होती.

आता आपल्याकडचा अगदी अलीकडचा दाखला घेऊ. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पिऊ लागला. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना तो दिवस चांगला आठवत असेल. सकाळी बातमी आली आणि दुपारपर्यंत देशभर देवळांपुढे चमचे आणि पेले घेऊन रांगा लागल्या. मीही रांगेत उभा होतो, कशाला खोटे बोलू? चमचा सोंडेला लावला, दूध कमी होताना दिसले, अंगावर काटा आला. नंतर शास्त्रज्ञांनी द्रवाचा पृष्ठताण आणि केशाकर्षण समजावून दिले. दूध दगडाच्या ओल्या पृष्ठावरून पातळ थराने खाली उतरत होते. रंग मिसळून पाहिल्यावर तर ते डोळ्यांना दिसलेही. पण त्या दिवशीचा माझा खरा दोष पृष्ठताण ठाऊक नसणे हा नव्हता. देवाने हा चमत्कार केला असेल तर तो सांगतो आहे काय, हा प्रश्न माझ्यासह त्या रांगेतल्या कोणालाही पडला नाही. नैवेद्य खाल्लेल्या देवाचा भक्तही कच्चा निघू शकतो, ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेले आम्ही लोक, दूध पिणाऱ्या मूर्तीपुढे मात्र एकदम पक्के झालो!

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते आपल्या जिल्ह्यातलेच आहे. औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो'ची वेधशाळा उभारली जात आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो की, लांबून गेलेल्या मालमोटारीच्या धक्क्यानेही भ्रम व्हावा. म्हणून अमेरिकेत अशी दोन यंत्रे एकमेकांपासून सुमारे ३००० किलोमीटर अंतरावर ठेवली आहेत. एकाने ऐकलेले दुसऱ्यानेही ऐकले तरच विचार करायचा. एवढ्यावरही ते लोक थांबले नाहीत. सप्टेंबर २०१० मध्ये मोजक्या चार-दोन जणांनी यंत्रात मुद्दाम एक खोटा संकेत सोडला आणि बाकीच्या शेकडो शास्त्रज्ञांना तो सांगितला नाही. त्यांनी कित्येक महिने तपास केला, प्रबंधाचा मसुदाही लिहिला. मार्च २०११ मध्ये सर्वांसमोर उघड करण्यात आले की, हा संकेत आम्हीच घातला होता. कोणी रागावून निघून गेले नाही. अशी परीक्षा होणार हे त्यांनी आधीच मान्य केले होते. खरा संकेत पुढे १४ सप्टेंबर २०१५ रोजी आला आणि तोही जगाला सांगण्यापूर्वी त्यांनी जवळजवळ पाच महिने तपासला. हे वाचले तेव्हा मला गोरोबांचे थापटणे आठवले. विसोबांच्या औंढ्याजवळच ही वेधशाळा यावी हा योगायोगच, त्यात मी देवाचा निरोप शोधत नाही.

तर विसोबा खेचर. नामदेव औंढ्याला पोहोचले तेव्हा विसोबा नागनाथाच्या पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनी पाय उचलून बाजूला ठेवले, तर तेथे पिंडी. दुसरीकडे ठेवले, तर तेथेही पिंडी. देव फक्त विटेवर नाही, हा पाठ नामदेवांना असा मिळाला. (ही कथा बार्शीची म्हणून सांगणारेही आहेत.) मला यातली एक गोष्ट विशेष वाटते. हाच विसोबा पूर्वी ज्ञानेश्वरादी भावंडांची टवाळी करणारा होता, असे परंपरा सांगते. पंढरपूरच्या लाडक्या भक्ताला शिकवण्यासाठी देवाने निवडला तो एक जुना निंदक! निरोप कोणाच्या तोंडून येतो यावर त्याचे खरेखोटेपण ठरत नाही, हेच ना?

अर्थात 'चार जाणत्यांनी पारखावे' म्हटले की, ते चार कोण हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याला औंढ्याच्याच देवळात दुसरी कथा आहे. नामदेव देवळासमोर कीर्तन करीत असताना पुजाऱ्यांनी त्यांना हटकले आणि मागे जायला सांगितले. ते मागे गेले, कीर्तन सुरू झाले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. आजही तिथले लोक नंदीची जागा दाखवून ही कथा सांगतात. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची जी ६१ पदे आहेत, त्यांतही देऊळ फिरल्याचा उल्लेख आहे. म्हणजे पंजाबातल्या घुमानपर्यंत ही आठवण पोहोचलेली आहे. देऊळ फिरते की नाही ते सोडा. मंदिरात अधिकाराने उभा असलेला माणूस पारखी असेलच असे नाही, एवढे त्या कथेला सांगायचे आहे.

हीच चूक पुढे पुन्हा पुन्हा झाली. तुकारामांना स्वप्नात नामदेव भेटले, बरोबर पांडुरंग होते, आणि अभंगरचनेचे राहिलेले काम पुरे करायला सांगितले, असे तुकारामांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. नर्सीचा शिंपी तीनशे वर्षांनी देहूच्या वाण्याच्या स्वप्नात जातो! वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी निकाल दिला की, शूद्राला हा अधिकार नाही, वह्या बुडवा. वह्या इंद्रायणीत गेल्या. तेरा दिवसांनी त्या तरल्या असे भाविक सांगतात, आणि लोकांना अभंग तोंडपाठ होते म्हणून गाथा वाचली असे इतर म्हणतात. मला दुसऱ्या म्हणण्यातही देवाला काही कमीपणा दिसत नाही. रामेश्वरभट्ट मात्र पुढे तुकारामांचेच शिष्य झाले, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. चुकलेला परीक्षक आपली चूक मान्य करतो, हे काही थोडे नव्हे. आपल्या मराठवाड्यातल्या शिऊरशी जिचे नाव जोडलेले आहे त्या बहिणाबाईची गोष्ट आणखी कठीण. ब्राह्मणाघरच्या या मुलीला तुकारामांनी स्वप्नात येऊन अनुग्रह दिला, आणि त्यासाठी तिने नवऱ्याचा मार खाल्ला. तिच्या स्वप्नाची परीक्षा झालीच नाही. परीक्षा झाली ती स्वप्नात आलेल्या माणसाच्या जातीची.

मग कसोटी कोणती धरावी? येथे मला पुस्तक बाजूला ठेवून घरातली गोष्ट सांगितली पाहिजे.

बाहत्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी सहा-सात वर्षांचा. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती; स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. माझी धाकटी आत्या तेरा-चौदा वर्षांची होती. दुष्काळात ना धड पाणी, ना तेल. तिच्या केसांचा गुंता झाला आणि पाहता पाहता मानेवर जट दिसू लागली. आमच्याकडे जट म्हणजे देवीचे बोलावणे. ती कापायची नाही, विंचरायची नाही. गावात एका बाईच्या अंगात येत असे. तिच्याकडे नेले, तेव्हा घुमता घुमता तिच्या तोंडून निघाले की, ही पोर माझी आहे, हिला मला सोडा. परडी द्या, जोगवा मागू द्या, लग्न केले तर घराचा वंश राहणार नाही. आजीने त्या रात्री चूल पेटवली नाही, एवढे मला आठवते.

आबा, म्हणजे माझे आजोबा, माळकरी होते. चार बुके शिकलेले नव्हते, पण एकादशीला नर्सीची वारी चुकवीत नसत. त्यांनी देवी खोटी असे म्हटले नाही. बाई ढोंगी असेही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी ते त्या बाईच्या ओसरीवर जाऊन बसले, आणि भानावर असलेल्या बाईला त्यांनी विचारले, "माय, देवीला पोर पाहिजे असंल तर तिनं माझ्यापाशी का नाही मागितली? मी बाप हाव. आन मागायचंच होतं तर माझा जीव मागायचा. लेकराचा काहून?" बाई म्हणाली, देवीचे बोल मला कसे ठाऊक असणार, मी तर झाड आहे, वारे आले की बोलते. आबा परत आले. आठ दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. एकादशीला आत्याला घेऊन नर्सीला गेले, आणि परत आल्यावर अंगणात बसवून त्यांनी आपल्या हाताने जट कापली. न्हावी तयार झाला नाही, म्हणून मेंढरांची लोकर कातरण्याची कात्री आणली होती. कापताना मोठ्याने म्हणाले, "पाप असंल तर माझ्या माथी. पोरीच्या नाही."

या प्रसंगाचा शेवट मी गोड करून सांगणार नाही. पुढच्याच पोळ्याच्या आधी आमचा एक बैल मेला आणि सगळे गाव म्हणाले, पाहा! आबांपाशी त्याला उत्तर नव्हते. आपले बरोबर होते असे त्यांनी आयुष्यात कधी म्हटले नाही. आत्याचे लग्न सेनगाव तालुक्यात झाले, आज तिला नातवंडे आहेत. पण हा काही पुरावा नव्हे. बैल मेला हा जसा पुरावा नव्हे, तशीच नातवंडे हाही नव्हे.

आबांचा प्रश्न मात्र मला कसोटी म्हणून पुरेसा वाटतो: हा निरोप किंमत कोणाकडून मागतो आहे? ऐकणाऱ्याकडून, की दुसऱ्या कोणाकडून? त्याच दिवसांत, १९७२ ते १९७४ या काळात, आमच्याच तेव्हाच्या जिल्ह्यात मानवतला मुली आणि बाया एकामागून एक मारल्या जात होत्या. पिंपळावरच्या मुंजाला शांत करायचे, गुप्तधन मिळवायचे, त्यासाठी रक्त पाहिजे, अशा 'आदेशा'वरून हे झाले असे पोलिसांचे म्हणणे होते. खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. काहींची शिक्षा कायम झाली, काही निर्दोष सुटले. गुन्हेगार कोण हा न्यायालयाचा प्रश्न होता. माझा प्रश्न एवढाच की, धन ज्याला मिळायचे त्याचे रक्त मुंजाने कसे मागितले नाही? मारलेल्यांत दुसऱ्यांच्याच लेकी कशा? त्या बातम्या आमच्या ओसरीवर मोठ्याने वाचल्या जात, आणि आबा कात्री आणायला निघाले त्यामागे त्या बातम्या होत्या, असे मला आज वाटते. पुढे २०१३ साली आपल्या राज्याने नरबळी आणि जादूटोणा यांविरुद्ध कायदा केला. त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात झाला. कायदा आवश्यकच होता. परंतु कायदा येतो तो निरोप पाळला गेल्यानंतर. ओसरीवर जाऊन बसणारा कोणीतरी आधी लागतो.

या कसोटीवर एक मोठे उदाहरण घासून पाहू. १९३३ साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना मध्यरात्री आतला आवाज ऐकू आला, आणि ८ मे रोजी त्यांनी २१ दिवसांचा उपवास सुरू केला. अस्पृश्यता-निवारणाच्या कामासाठी आत्मशुद्धी हा त्याचा हेतू. अनेकांनी विनवले, टीकाकारांनी तर हा भास आहे असे म्हटले. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लिहिले की, माझ्यापाशी पुरावा नाही. पण सारे जग एकमताने विरुद्ध गेले तरी मला ऐकू आले ते देवाचेच होते, ही माझी खात्री ढळणार नाही. गोरोबांच्या थापटण्याखाली हे मडके कसे वाजले असते कोण जाणे. चार जणांचा निवाडा न मानणे ही माझ्या मते त्या उत्तरातली उणी बाजू आहे. पण आबांचा प्रश्न विचारला तर गांधीजी खरे उतरतात. उपाशी राहायचे होते ते त्यांचे त्यांनीच. पुण्याच्या पर्णकुटीत २९ मे रोजी तो उपवास सुटला.

आणि धाक? धाक घालणाऱ्या निरोपाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. आमच्या लहानपणी पोस्टकार्डे येत. अमुक देवाचा चमत्कार झाला आहे, अशी अकरा किंवा एकवीस पत्रे पाठवा, अमक्याने फाडले तर त्याचा मुलगा दगावला. आता तेच मोबाइलवर येते, पोस्टाचा खर्चही वाचला. ज्या देवाला आपला निरोप पुढे जाण्यासाठी माझ्या मुलाच्या जिवाची भीती घालावी लागते, त्याची पारख करायला कुंभारही नको.

एवढे सारे मी या वर्षी वर्गात सांगितले. 'किंमत कोण देतो' ही कसोटी फळ्यावर लिहिली, आणि मनातून थोडा खूशही झालो. तेव्हा पहिल्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, नामदेव देवाचं ऐकून फिरत राहिले, तेव्हा किंमत राजाईनं दिली की. घरात धान्य नव्हतं ना?"

मी गप्प झालो. ती पाठ्यपुस्तकापलीकडचे वाचून आली होती. नामदेवांची बायको राजाई हिच्या नावाचे अभंग गाथेत आहेत. त्यांत घरातल्या दारिद्र्याचे गाऱ्हाणे आहे, विठ्ठलाने आपला संसार मोडला अशी तक्रार आहे. आई गोणाईचेही भांडण देवाशीच. देहूची आवलीही तेच म्हणत राहिली. म्हणजे सर्वांत स्वच्छ, सर्वांत पारखून घेतलेला निरोपसुद्धा घरातल्या बाईला न विचारता तिच्याकडून वसूल केला गेला. एवढे मात्र खरे की, वारकऱ्यांनी हे गाऱ्हाणेही गाथेतून काढून टाकले नाही. देवाच्या शब्दांशेजारी राजाईची तक्रार ठेवली. पण तक्रार नोंदवणे म्हणजे तिची दाद लागणे नव्हे, हे त्या मुलीने म्हणण्याआधीच मला कळले. माझ्या कसोटीला तडा गेला तो गेलाच.

दिवाळीच्या सुट्टीत सेनगावकडे आत्याला भेटायला गेलो. जटेची गोष्ट मी आजवर असंख्य वेळा सांगितली आहे, नेहमी आबांच्या बाजूने. त्या दिवशी प्रथमच तिला विचारले की, आत्या, कापताना तुला काय वाटत होते? ती शेंगा फोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी लई रडले. बाई म्हणली देवीची हाय, आबा म्हणले माझी हाय. मला कुणी इचारलंच नाही रे."

मग तिने शेंगांचे ताट माझ्यापुढे सरकवले.